भोगीच्या पिशवीतली गाजरं

दसरा झाला, सोसायटीच्या गेटवरची झेंडूची तोरणं वाळून तपकिरी झाली आणि फोनवर प्राचीचा निरोप आला : "हिवाळी वाटा पुन्हा सुरू करतोय. ज्यांना हवा त्यांनी नाव कळवा." खाली लाल माठाचा फोटो. माठ जरा जास्तच लाल होता. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पानांवर दव होतं की फोटोसाठी पाणी शिंपडलं होतं, ते काही केल्या कळेना.

"नाव देणार का?" माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, चहा पिता पिता विचारलं.

"बघते."

"म्हणजे वही काढणार."

वही काढलीच. निळ्या पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. मी वसई पूर्वेच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. ट्रक आला की चलन हातात घ्यायचं, खोकी मोजायची, त्यातलं एक उघडून बघायचं आणि मगच सही करायची. बावीस वर्षं हे केल्यावर घरीसुद्धा मी कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय आत घेत नाही. भाजीच्या वहीतही पाच रकाने आहेत : शनिवार, काय आलं, किती आलं, कसं होतं, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद आखला होता. गेल्या हिवाळ्यात तोही पुरला नाही, समासात लिहावं लागलं.

वही उघडली तर मधल्या पानावर मेथीचं एक वाळकं पान चिकटलेलं. बोटानं सोडवायला गेले तर त्याचा भुगा झाला, आणि सगळा हिवाळा नाकाशी आला.

गेल्या वर्षी याच दिवसांत प्राची पहिल्यांदा आमच्याकडे आली होती. आचोळ्याला आमच्या सोसायटीच्या चार इमारती आहेत. रविवारी सकाळी तिनं सोसायटीच्या ऑफिसबाहेर घडीचं टेबल मांडलं. तीस-बत्तीसची मुलगी, साधा पंजाबी ड्रेस, चपलांच्या कडांना वाळलेली माती. बाकीच्या बायकांना ती माती फार खरी वाटली. मला तिचीच शंका आली. रविवारी चार माणसांत येताना माणूस चपला धुऊन नाही का येणार?

योजना तशी साधी होती. गासला तिच्या सासरची वाडी आहे. आपण पूर्ण हिवाळ्यासाठी आधीच नाव द्यायचं, आणि दर शनिवारी वाडीत जे निघेल त्यातला आपला वाटा पिशवीतून घरी येणार. काय हवं ते आपण सांगायचं नाही. "वाडीत येईल ते. बाहेरचं एक पानही नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. कुणी एकच गोष्ट दोनदा सांगितली की मी तिसऱ्यांदा विचारते.

"वाडी केवढी आहे?"

"दीड एकर."

"पाणी?"

"बावखल आहे ना आमचं. म्हणजे तळंच, गोड्या पाण्याचं. शिवाय विहीर."

"कीड पडली तर?"

"तर किडकं येईल, काकू."

"आणि काहीच आलं नाही तर?"

ती हसायला लागली. "काकू, तुम्ही इन्कम टॅक्समध्ये आहात का?"

"स्टोअर्समध्ये. आणि ताई म्हण."

जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, शेती पुरे झाली होती. दोन्ही बाजूंच्या वाड्या लग्नाच्या लॉनसाठी गेल्या होत्या आणि त्यांनाही रोज विचारणा होत होती. त्यांनी सुनेला मुदत दिली होती. वाट्याला तीस घरं मिळाली आणि टिकली, तर वाडी राहील. नाहीतर तिथंही लॉन होईल. अठरा घरं तिला मिळाली होती. हे ऐकून बायका हळहळल्या. मी मनात म्हटलं, माल विकायचा हा चांगला रस्ता आहे.

तरीही मी नाव दिलं. कारण रेल्वेच्या पुलाखाली मिळणाऱ्या भाजीवर माझा त्याहून कमी विश्वास होता. तिथला पालक दुपारी तीनलाही ताठ उभा असतो. कशाच्या जोरावर, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

मी नाव दिल्यावर जे झालं ते मात्र मी योजलेलं नव्हतं. आमच्याकडे पाण्याचा टँकर कुणाचा घ्यायचा, लिफ्टचं काम कुणाला द्यायचं, हे मीच बघते. त्यामुळे जिन्यात एकच प्रश्न फिरला : "शिंदेवहिनी घेतायत का?" घेतायत म्हटल्यावर अकरा घरांनी नावं दिली. माझं धरून बारा. अठरा आणि बारा, तीस झाली. प्राचीनं टेबल घडी करताना माझे दोन्ही हात धरले. मला ते अवघड झालं. माल न बघता मी बारा घरांच्या वतीनं सही केली होती.

त्या शनिवारांचा एक ठरलेला आवाज होता. साडेसातला गेटवर तीनचाकी टेम्पो फटफटायचा आणि पाठोपाठ डॉमनिककाकांची हाक यायची. काका गासचेच, साठीचे, कानटोपी नाकापर्यंत ओढलेली. मी वही घेऊन खाली जायची.

"आली, आली इन्स्पेक्टरबाय. घे मोजून. तू मोजल्याबिगर माजी सुटका नाय."

"पिशव्या ओल्या का आहेत, काका? वजनासाठी पाणी मारता का?"

"पानी नाय गो, दव हाय ते. सकाळी सातला तुझ्या टेरेसवर भाजी लाव, तिच्यावर बी पडंल."

पिशवी उघडली की आधी गार, मातकट वास यायचा, मग मेथीचा, मग सगळ्यांना बाजूला सारून मुळ्याचा. जुड्या केळीच्या खोडाच्या वाळलेल्या पट्ट्यांनी बांधलेल्या असत. रबरबँड नाही, सुतळी नाही. गाठ अशी की एक टोक ओढलं की अख्खी जुडी मोकळी. शहरातल्या लोकांना भुलवायला हा गावठी थाट केला असेल, असं मला वाटलं. तसा शेराही मी लिहिला. पण पट्ट्या टाकवेनात. स्वयंपाकघरातल्या खणात त्यांची चांगली गुंडी झाली होती.

समुद्रमेथीच्या जुड्या यायच्या, एवढ्याएवढ्याशा, मुळांना वाळू धरलेली. तीन पाण्यांनी धुतली तरी दाताखाली एक कण यायचाच. हिरवी काटेरी वांगी यायची. कच्ची केळी, तोंडली, वालाच्या कोवळ्या शेंगा. एकदा नुसतं केळफूल आलं, हातभर लांब, जांभळं. माझं माहेर सांगलीकडचं. केळफुलाचं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. समोरच्या पेडणेकरवहिनी मालवणच्या. त्या दारातूनच ओरडल्या, "अहो, ते फुलदाणीत नका ठेवू हो! थांबा, आले." हातांना तेल चोळून त्या जमिनीवर बसल्या आणि एकेका फुलातला कडक दांडा काढत दोन तास मला बोलत राहिल्या. "तुम्हा देशावरच्यांना ज्वारी सोडून काही कळत नाही. वह्या लिहिता मोठ्या!" दोन तासांनी वाटीभर भाजी झाली. शेऱ्यात मी लिहिलं : वेळ फार. चव चांगली. पेडणेकरवहिनींचं बोलणं ऐकावं लागतं.

मार्गशीर्षात गुरुवार आले. त्या आठवड्यांत पिशवीत भाजीवर पाच झाडांच्या पाच डहाळ्या ठेवलेल्या असायच्या, कलशासाठी. आंब्याची होती, जांभळाची होती, बाकीच्या ओळखता आल्या नाहीत. हे प्राचीच्या योजनेत कुठे लिहिलेलं नव्हतं. चलनात नसलेली वस्तू खोक्यात निघाली की आम्ही ती बाजूला ठेवतो, कारण ती चुकून तरी आलेली असते किंवा कशावर तरी पांघरूण म्हणून. मी डहाळ्या कलशात लावल्या आणि शेरा लिहिला : कशासाठी?

पौष लागायच्या सुमारास मुळ्यानं आम्हाला घेरलं. लागोपाठ चार शनिवार मुळा. कोशिंबीर, पराठे, पाल्याची भाजी, पिठल्यात मुळा. घराला वास धरला. अविनाश म्हणाला, "ऑफिसात माझं टेबल खिडकीशी हलवलंय. कारण सांगत नाहीत." सोसायटीच्या वाटेकऱ्यांचा फोनवर एक गट होता, त्यावर कुरकुर सुरू झाली. "आम्ही काय बकऱ्या आहोत?" असं पेडणेकरवहिनींनी लिहिलं आणि खाली खरंच बकरीचं चित्र टाकलं. पुढच्या शनिवारी मुळा आला नाही. टोमॅटो आले. गोल, घट्ट, एकसारखे. सगळे खूश झाले. मी वहीत लिहिलं : सगळे एका मापाचे.

मग भोगीचा आठवडा. प्राचीनं गटावर सहज विचारलं, "भोगीच्या भाजीला तुमच्याकडे काय काय लागतं?" मला यादी करायला सांगावं लागत नाही. पाच मिनिटांत पाठवली. वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, शेंगदाणे, तीळ, बोरं, उसाचे करवे. एकेका ओळीला आकडा घालून, आईच्या हातची भाजी डोळ्यांपुढे आणून लिहिली. माहेरी त्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास अंगणापर्यंत यायचा. ते सगळं लिहिताना मला बरं वाटलं, एवढंच.

शनिवारी पिशवी आली ती हिवाळ्यातली सर्वांत जड. डॉमनिककाका त्या दिवशी माझ्याशी काही बोलले नाहीत, पिशव्या उतरवल्या आणि निघाले. आत सगळं होतं. वांगी, पावटा, हरभऱ्याचे डहाळे, चार बोरं, उसाचे करवे कापून जुडी बांधलेली. आणि गाजरं. गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

मी सिंकमध्ये गाजरं धुवायला घेतली. देठाशी माती अडकली होती. ती लाल होती.

मी नळ बंद केला. फ्रिजच्या तळाशी राहिलेला, दोन आठवड्यांपूर्वीचा मुळा काढला. त्याच्या मुळांवरची माती काळपट करडी, वाळू मिसळलेली. दोन बाटल्यांच्या झाकणांत दोन माती खरवडून ठेवल्या आणि ओट्यावर शेजारी शेजारी मांडल्या.

अविनाश पाणी प्यायला आला. "हे काय?"

"बघ. एकाच वाडीतल्या आहेत म्हणे."

त्यानं वाकून पाहिलं. "पोलिसांना बोलावू की तू पंचनामा करतेस?"

त्याला गंमत वाटली. मला वाटली नाही. स्टोअर्समध्ये एक खोकं खोटं निघालं की ते एकटं खोटं नसतं. मागचा सगळा साठा पुन्हा तपासावा लागतो. मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एका मापाचे टोमॅटो. न मागता आलेल्या डहाळ्या. केळीच्या पट्ट्या. दोनदा सांगितलेलं "बाहेरचं एक पानही नाही". आता प्रत्येक ओळ उलटी वाचता येत होती. कदाचित ती वाडी म्हणजे नुसता फोटो असेल आणि आम्ही बारा घरं मार्केटचीच भाजी केळीच्या पट्टीत बांधून खात असू. संक्रांतीला जिन्यात भेटेल ती बाई मला तिळगूळ देत म्हणत होती, "शिंदेवहिनी, तुमच्यामुळे छान भोगी झाली हो." प्रत्येक वेळी मी तिळगूळ तसाच मुठीत धरून घरी आणत होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी रिक्षा केली आणि पूल ओलांडून गासला गेले. कुणाला कळवलं नाही. अचानक तपासणी कळवून होत नाही.

रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली. एका ठिकाणी मोठी कमान, तिच्यावर कागदी फुलं, आत कापलेलं हिरवं गवत. हे पहिलं लॉन. त्याला लागून कुंपणाला एक साधं लाकडी फाटक, त्याच्यापुढे पुन्हा तसंच लॉन. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि अंगावर गारवा आला. केळी, केळींच्या मागे माड, माडांच्या सावलीत काळं स्थिर पाणी. वाडी होती तर. एवढ्यावर माझी अर्धी शंका पुसली गेली, आणि उरलेली अर्धी आणखी टोकदार झाली.

वाफ्यांमधून एक साठीच्या बाई झारी घेऊन आल्या. बारीक, नेसूचं साधं पातळ खोचलेलं, केसांत पिवळं फूल. प्राचीची सासू, हेमाकाकू. प्राची बाहेर गेली होती. मी नाव सांगितलं.

"यादीवाल्या शिंदेबाई?" त्यांचा चेहरा उजळला. "या, या. मला बघायचंच होतं तुम्हाला."

घरात त्या कुणाशी तरी त्यांच्या बोलीत बोलल्या, मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. माझ्याशी मात्र सावकाश, पुस्तकातल्यासारखं बोलत त्यांनी वाफे दाखवले. हा माठ, ही मेथी, हे वाल. मी चार प्रश्न तयार करून नेले होते, क्रमानं. पहिला विचारला.

"काकू, गाजराचा वाफा कुठे आहे?"

"गाजर? ते आमच्या मातीत नाही होत हो नीट. ती मी बाजारातून आणली."

इतक्या सरळ. माझे पुढचे तीन प्रश्न तसेच राहिले.

"पण बाहेरचं एक पानही नाही, असं ठरलं होतं ना?"

"ते प्राची म्हणते," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून झारी खाली ठेवली आणि मला घराच्या मागच्या ओटीवर नेलं. तिथं दिनदर्शिकेच्या खिळ्याला एक कागद टोचलेला होता. माझी यादी. फोनवरून पेन्सिलीनं उतरवून घेतलेली, माझ्या आकड्यांसकट. वाडीत होतं त्याच्यापुढे बरोबरची खूण, नव्हतं त्याला गोल. गोल पाच होते.

"आमच्याकडे भोगीला एवढं नसतं. ही तुमची देशावरची भाजी. म्हटलं, बारा घरांत सणाला निम्मीच कशी करायची? पहाटे डॉमनिकला घेतलं आणि मार्केट गाठलं. बोरांना तर फार फिरलो."

"मी ती मागणी म्हणून पाठवली नव्हती, काकू. प्राचीनं विचारलं म्हणून सांगितलं."

"सणाला लागतं म्हटल्यावर द्यायला नको?"

मला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. "याच्या आधी काय काय आणलं बाहेरून?"

"टोमॅटो. मुळा मुळा म्हणून ओरडा झाला ना तुमच्यात, त्या शनिवारी. आमचे पिकायला आठवडा होता. बाकी काही नाही." त्यांनी पदराला हात पुसले. "तुमचा विश्वास बसणार नाही आता."

मी यादीवरचे गोल पुन्हा मोजले.

"आमच्या सासूबाई नव्या पिकाचा पहिला वानवळा शेजारीपाजारी पाठवायच्या ना, तर टोपली काठोकाठ भरून. कमी असेल तर थांबायच्या, पण अर्धी टोपली कुणाच्या दारात जाऊ दिली नाही. मला ती पिशवी हलकी लागली की हातातून सोडवत नाही हो. ह्यांना वेडेपणा वाटतो."

'हे' म्हणजे अण्णा. ते ओटीच्या दुसऱ्या टोकाला पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हते.

"सांगणार का सगळ्यांना?" काकूंनी हळूच विचारलं. "प्राचीला ठाऊक नाही. पिशव्या मी आणि डॉमनिकच भरतो. ती खरंच तसं समजते."

"बघते," मी म्हटलं.

पुढचे चार दिवस मी ते बघत होते. सांगितलं तर घरं जातील, तीसची वीस होतील, आणि ओटीवरच्या त्या माणसाला पेपर खाली ठेवायचं निमित्त मिळेल. नाही सांगितलं तर बारा घरं माझ्या सहीवर खोटा माल खरा समजून खात राहतील. माझ्या हिशेबी खरेपणा म्हणजे बाहेरचं आत येता कामा नये. हेमाकाकूंच्या हिशेबी खरेपणा म्हणजे दारात जाणारं कमी पडता कामा नये. त्यांनी आम्हाला फसवलं होतं, हे मी आजही म्हणते. पण माझ्या बावीस वर्षांत कमी माल पूर्ण म्हणून खपवणारे खूप भेटले. पूर्ण दिसावा म्हणून स्वतः बाहेरून आणून भरणारं माणूस हे पहिलंच. त्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

शेवटी काकूंनीच सुनेला सांगितलं. प्राचीचा फोन आला. "ताई, माझ्या सासूनंच मला खोटं पाडलं. आता मी कुठल्या तोंडानं लिहू?"

"तू लिही. माझ्या इथलं मी लिहिते."

तिनं तिच्या अठरा घरांना लिहिलं, मी आमच्या गटावर. एका शनिवारचे टोमॅटो आणि भोगीचे पाच जिन्नस बाजारातले होते. का आणले ते लिहिलं. मुळ्याबद्दलची आपली ओरड लिहिली. शेवटी लिहिलं, यादी माझी होती. पाठवायचं बटण दाबायला मला बराच वेळ लागला.

तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी लगेच उत्तर दिलं : विश्वास उडाला, नाव काढा. आणखी दोघांनी त्यांच्याखाली अंगठा दाखवला. एका बाईंनी लिहिलं, "गाजरं छान होती, पुढच्या वेळी बीटही पाठवायला सांगा," आणि मी कपाळाला हात लावला. पेडणेकरवहिनींनी लिहिलं, "बाजारातूनच आणायचं असेल तर बांगडे आणा." संक्रांतीला तिळगूळ देणाऱ्यांतली एक बाई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तुम्ही बघून घेतलं असेल असं वाटलं होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

होळीपर्यंत पिशव्या येत राहिल्या. पांढऱ्या कांद्याच्या माळा आल्या, जून झालेले वाल आले, रताळी आली. मी प्रत्येक मुळाची माती बघत होते. सगळी काळपट करडी. तरी बघत होते. शंका एकदा घरात शिरली की ती खरी ठरल्यावरही जात नाही, खोटी ठरल्यावरही नाही. एखाद्या शनिवारी पिशवी भरलेली दिसली की वाटायचं, आज पुन्हा मार्केटला गेल्या असतील का. हलकी लागली की काकू ती हातातून कशी सोडत असतील, ते डोळ्यांपुढे यायचं.

हे सगळं वहीत होतं. या वर्षी नाव देण्याआधी मी प्राचीला फोन केला. अट एकच सांगितली : कमी निघेल तेव्हा कमी पाठवायचं, भर घालायची नाही. पलीकडे काहीतरी कुजबुज झाली आणि हेमाकाकूंचा आवाज आला.

"हलकी पिशवी मी दुसऱ्याच्या हातानं पाठवणार नाही, शिंदेबाई. ज्या शनिवारी कमी असेल त्या शनिवारी टेम्पो येणार नाही. तुम्ही इथं या. वाफा बघा. आणि तुमच्या हातानं न्या."

मी ताडकन विचारलं, "म्हणजे आम्ही आलो नाही की तुमची सुटका?"

"आलात तर कळेल," त्या म्हणाल्या.

आमच्या बारातली सात घरं राहिली, प्राचीच्या अठरातली सोळा. सगळी मिळून तेवीस. तीस पाहिजे होती. अण्णांनी लॉनवाल्याला दिवाळीनंतर उत्तर देतो म्हणून सांगितलंय, असं प्राची म्हणाली. या वेळी मी तिला विकायचा रस्ता वगैरे काही म्हटलं नाही, मनातही.

दोन शनिवार टेम्पो आला. मग दिवाळी सरता सरता अवेळी पाऊस झाला, दोन दिवस, आडवातिडवा. तिसऱ्या शनिवारी सकाळी सहाला निरोप : "आज टेम्पो नाही."

मी साडेसातला गेटवर जाऊन उभी राहिले. बाकीच्या सहा घरांना फोन करायचा मोह आवरला. ओढून आणलेली माणसं मोजण्यात अर्थ नव्हता. पावणेआठपर्यंत कुणी नाही. माझी खात्री होत चालली की मी एकटीच जाणार आणि जाऊन कुणी आलं नाही एवढंच सांगणार. मग पेडणेकरवहिनी आल्या, गाऊनवर ओढणी घेऊन. "नवऱ्याला सांगून आलेय, भाजी आणायला गासला चाललेय. म्हणतो, मग काश्मीरलाच जा." मागून जिन्यात बोललेल्या त्या तिळगूळवाल्या बाई आल्या, त्यांचे यजमान आले. चौघं एका रिक्षात कोंबून बसलो.

वाडीत आमच्या आधी काही माणसं आलेली होती, दुसऱ्या सोसायट्यांतली, अनोळखी. माठाचा वाफा सपाट झाला होता, जणू कुणी त्यावर झोपून गेलं होतं. मेथीची पिवळी पानं चिखलाला चिकटली होती. माणसं वाफ्यांच्या कडेनं उभी राहून ते बघत होती. हेमाकाकू कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता वाटे घालत होत्या. अण्णा फाटकाशी उभे होते.

माझी पाळी आली. मी पिशवी पुढे धरली. तीन वांगी. ओंजळभर तोंडली. पावसातून वाचलेल्या माठाची एक बारीक जुडी. काकूंनी पिशवीत वाकून पाहिलं, आणि त्यांचा हात मागे ओटीवरच्या टोपलीकडे गेला. तिच्यात चार वांगी होती, त्यांच्या घरची, दुपारच्या जेवणाची.

मी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"बास, काकू."

"एवढ्यात होतं का तुमचं?"

"होतं."

त्या वांगं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग ते टोपलीत परत ठेवलं.

"अहो, आमचाही वाटा द्या," पेडणेकरवहिनी मागून म्हणाल्या, "आणि घाबरू नका, आमच्याकडे आज सुरमई आहे."

कुणीतरी हसलं. मग काकूही हसल्या, पदरानं तोंड पुसत. तेवढ्यात फाटकाशी उभे असलेले अण्णा कुंपणापाशी गेले आणि पलीकडच्या लॉनवाल्याला हाक मारली.

"खुर्च्या दे रे थोड्या!"

"कशाला?" पलीकडून आवाज आला. "लग्न काढलंत की काय?"

"भाजीला माणसं आलीत. उभी आहेत."

कुंपणावरून पांढऱ्या खुर्च्या एकेक करत अलीकडे आल्या. मी मोजल्या. आम्ही अकराजण होतो, खुर्च्या बारा आल्या. बारावी अण्णांनी स्वतःसाठी ओढून घेतली, आमच्यात बसले आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बघून बोलले.

"पुढच्या शनिवारी किती जण याल?"